नव्या विश्वासणाऱ्याला प्रार्थना शिकवायची आहे? इथून सुरुवात करा

उपासना संपते, लोक बाहेर पडत असतात आणि पाळकसाहेब तुम्हाला बाजूला घेऊन म्हणतात, "या आक्का नवीन आहेत, त्यांना जरा प्रार्थना करायला शिकवा." तुम्ही हो म्हणता. घरी आल्यावर लक्षात येतं, की प्रार्थना शिकवायची कशी हे आपल्याला कुणी कधी सांगितलेलंच नाही. ख्रिस्ती घरात जन्मलेल्यांना तर हे जास्तच अवघड जातं. त्यांनी आईच्या मांडीवर बसून ऐकलेलं असतं, बोलता यायला लागलं तशी प्रार्थनाही यायला लागली. शिकल्याचं आठवत नाही, मग शिकवणार काय?

मी मोठेपणी ख्रिस्ती विश्वासात आलो. मला एका वडीलधाऱ्यांनी शेजारी बसवून शिकवलं, आणि पुढं मंडळीनं, म्हणजे आमच्या चर्चनं, माझ्याकडं नवीन माणसं सोपवायला सुरुवात केली. कोणी कोल्हापुरातल्या शाहूपुरीतलं, कोणी कागलकडच्या खेड्यातलं, कोणी शिरोलीच्या फाउंड्रीत पाळी करणारं. त्यांच्यासोबत बसून जे कामाचं ठरलं ते इथं क्रमानं लिहितोय. मी प्रोटेस्टंट मंडळीतला आहे. तुमच्याकडचा माणूस कॅथलिक असेल तर क्रुसाची खूण, जपमाळ या गोष्टींसाठी फादरांना किंवा सिस्टरना विचारा; बाकीचं बरंचसं त्यालाही चालेल.

माझं म्हणणं थोडक्यात असं: नवीन माणसाला देवाशी बोलता येतं. अडतं ते आपल्या मंडळीच्या ठरीव भाषेपाशी. आपण नकळत ती भाषा त्याच्यावर लादतो आणि तो गप्प होतो. त्याची स्वतःची बोली शाबूत ठेवणं, हे तुमचं मुख्य काम.

काय लागेल

- पवित्र शास्त्र, मोठ्या टाइपातलं. वय झालेल्या माणसाला बारीक अक्षराचं पुस्तक दिलंत तर ते कपाटात जाईल.
- वाचता येत नसेल तर मोबाईलवर मराठी बायबलचं ऑडिओ. घरातल्या नातवंडाकडून ते सुरू करून घ्या आणि कुठलं बटण दाबायचं ते आक्कांना स्वतः दाबायला लावा.
- शंभर पानी वही आणि पेन.
- तुमच्या मंडळीत वापरतात ते गीतांचं पुस्तक. बहुतेक ठिकाणी ते उपासना संगीत असतं.
- आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, अर्धा तास. बाईला बाईनं शिकवावं, पुरुषाला पुरुषानं. गावात उगाच चर्चेला विषय नको.

मेणबत्ती, खास कापड, अभिषेकाच्या तेलाची बाटली, येशूचा फोटो यांतलं काहीही आणायला सांगू नका. "बाप्तिस्मा व्हायचाय, मग मी प्रार्थना केली तर चालेल का?" हा प्रश्न हमखास येतो. चालते. त्यासाठी दाखला लागत नाही, वर्गणी लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही.

१. पहिल्या भेटीत शिकवू नका, विचारा

चहा घ्या आणि एवढंच विचारा: "आजपर्यंत तुम्ही देवाशी कसं बोलत होता?"

मग ऐका. कोल्हापूरचं माणूस देवाशिवाय वाढलेलं नसतं. कुणी रोज पहाटे अंबाबाईला जाऊन येत होतं, कुणाच्या घरी चैत्रात जोतिबाला जायची पिढीजात रीत आहे, कुणाचे वडील माळकरी. पहाटे उठणं, उपवास, नाम घेणं, पाठांतर या सवयी त्यांच्या अंगात आपल्यापेक्षा घट्ट असतात. त्यांची चेष्टा करू नका. "ते सगळं सोडा, आता हे करा" असं पहिल्याच दिवशी म्हणणारा मदतनीस माणूस गमावतो, आणि त्याच्या आईवडिलांच्या श्रद्धेचा अपमान करतो ते वेगळंच. येशूचे शिष्यसुद्धा लहानपणापासून प्रार्थना करत आलेले यहूदी होते, तरी लूक ११ च्या सुरुवातीला तेच म्हणतात की आम्हाला प्रार्थना करायला शिकवा. आधीची सवय असणं आणि नव्यानं शिकणं यात विरोध नाही.

बोलता बोलता खरे प्रश्न बाहेर येतात. बहुतेक वेळा ते हळू आवाजात, तुम्ही उठायच्या बेतात असताना येतात. उत्तरं तयार ठेवा.

*अंघोळ न करता चालेल का?* चालेल. अंथरुणातसुद्धा चालेल.

*पाळीच्या दिवसांत?* हा प्रश्न बायका पुरुषाला कधीच विचारणार नाहीत, म्हणूनही वर म्हटलं की बाईला बाईनं शिकवावं. नुसतं "चालतं" म्हणून सोडू नका. मार्क ५ उघडा आणि बारा वर्षं रक्तस्राव होत असलेल्या स्त्रीची गोष्ट सगळी वाचून दाखवा. ती गर्दीतून येऊन येशूच्या वस्त्राला शिवते, तो तिला मागं सारत नाही, "मुली" म्हणून हाक मारतो. ही गोष्ट ऐकल्यावर वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सुतकाबद्दल विचारलं तरी उत्तर तेच: घरात मयत झालेली असताना तर प्रार्थना जास्तच करावी.

*कुठल्या दिशेला तोंड करायचं?* कुठल्याही.

*डोक्यावर पदर?* मराठी मंडळ्यांत बायका प्रार्थनेला डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात. आपापल्या मंडळीची रीत पाळावी. पण गॅससमोर उभं राहून देवाचं नाव घेताना पदर नसला म्हणून जीभ चावायची गरज नाही.

*नवस?* इथं जरा थांबा. "नवस म्हणजे पाप" असं ठोकून देऊ नका, कारण १ शमुवेल १ मध्ये हन्ना नवस करते आणि ते बायबलमध्येच आहे. उलट विचारा: "नवस केला नाही तर देव देणार नाही, असं वाटतं का?" बहुतेक जण हो म्हणतात. मग मत्तय ६:८ वाचा, तुम्ही मागण्यापूर्वीच तुमच्या पित्याला तुमची गरज ठाऊक आहे. सौदा न करता मागायला शिकणं हे अनेकांना महिनोन्‌महिने जड जातं. घाई करू नका. आणखी एक: काहींच्या मनात जुना, फेडायचा राहिलेला नवस असतो आणि त्याची भीती असते. ही भीती हसण्यावारी नेली की पुढं ते तुम्हाला काहीच सांगणार नाहीत. त्या भीतीचं नाव घेऊन, त्यांच्यासोबत बसून प्रार्थना करा आणि पाळकांच्या कानावर घाला.

२. पहिली प्रार्थना: एका मिनिटाच्या आत

दुसऱ्या भेटीत आधी तुम्ही प्रार्थना करा. छोटी. तुम्ही दहा मिनिटं "हे सर्वसमर्थ, सर्वज्ञ, कृपासागर स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या पवित्र चरणी लीन होतो" करत बसलात तर समोरच्याला वाटणार, आपल्याला हे जन्मात जमायचं नाही. मग त्यांना चार गोष्टी सांगा: हाक मारा, आज जे बरं झालं त्याचे आभार माना, जे चुकलं ते सांगा, जे पाहिजे ते मागा. शेवटी येशूच्या नावात, आमेन.

भाजी विकणाऱ्या एखाद्या बाईची प्रार्थना अशी असू शकते:

"देवा बापा, आज बाजार बरा झाला, तुझे आभार. दुपारी जावेवर उगीच ओरडले, मला क्षमा कर. धाकट्याचा खोकला काय थांबंना, त्याला बरं कर. आणि मला झोप लागू दे. येशूच्या नावात मागते. आमेन."

एवढी पुरे. पूर्ण आहे. तिच्यात "थांबंना" आहे ते दुरुस्त करू नका. देवाला "तू" म्हणायचं, हे मात्र सांगावं लागतं; काही जण आदरानं "तुम्ही" म्हणतात आणि अवघडतात. आपल्याकडं विठोबालाही लोक अरे-तुरेच करतात, त्यामुळं एकदा सांगितलं की पुरतं.

याहून छोटी हवी असेल तर लूक १८ मधल्या जकातदाराची शिकवा: "हे देवा, मज पाप्यावर दया कर." मंदिरात त्याच वेळी एक परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहूदी, मोठी, नीट जुळवलेली प्रार्थना करत उभा होता, आणि येशू म्हणतो की नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. लाजाळू माणसाला ही गोष्ट फार धीर देते. मोठ्यानं बोलायची लाज वाटत असेल तर पुन्हा हन्ना आहेच. तिचे फक्त ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. याजकाला वाटलं ही दारू प्यालीय. देवाला कळलं.

"येशूच्या नावात" म्हणजे काय, हे एकदा नीट सांगा. शेवटी ते शब्द जोडले नाहीत तर प्रार्थना पोहोचत नाही, अशी समजूत पटकन बसते. माझ्या लायकीवर नाही, त्याच्या भरवशावर तुझ्याकडं येतोय, एवढाच त्याचा अर्थ. विसरलं तर विसरलं.

३. प्रभूची प्रार्थना, एका वेळी एक ओळ

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. मत्तय ६:९ ते १३. पाठ करून घ्यायला दोन दिवस लागतात. पाठांतराची सवय असलेले तर एका बैठकीत करतात. अडचण अशी की पाठ झालं की संपलं असं वाटतं, आणि पुढं वर्षानुवर्षं उपासनेत ते तोंडातून निघून जातं. म्हणून आठवड्याला एक ओळ घ्या, तीच रोज म्हणायला सांगा आणि ओळीखाली स्वतःचं एक वाक्य जोडायला सांगा.

"हे आमच्या स्वर्गातील पित्या." ज्याचा बाप दारू पिऊन मारत होता त्याला ही पहिली ओळच गिळत नाही. चेहऱ्यावर दिसतं. जबरदस्ती करू नका. "प्रभू" म्हणू द्या, "देवा" म्हणू द्या. लूक १५ मधला धावत येऊन मुलाच्या गळ्यात पडणारा बाप वाचून दाखवा आणि सोडून द्या. काही महिन्यांनी ते स्वतःच "बापा" म्हणतात. काही म्हणत नाहीत. तेही ठीक.

"तुझे नाव पवित्र मानले जावो. तुझे राज्य येवो." या ओळी नवीन माणसाला सुरुवातीला लांबच्या वाटतात. विचारा: तुमच्या गल्लीत, तुमच्या कारखान्यात देवाच्या मनासारखं झालं तर उद्या काय बदलेल? एकानं मला सांगितलं होतं, मुकादम कंत्राटी पोरांची हजेरी खाणार नाही. ओळ त्याला समजली होती.

"आमची रोजची भाकर आज आम्हांला दे." इथं लोक खुलतात. भाकरीसोबत शाळेची फी, उसाचं बिल, औषधाचा खर्च सगळं येऊ द्या. देवाकडं एवढं क्षुल्लक कसं मागायचं, असं वाटणाऱ्याला "रोजची" आणि "आज" या दोन शब्दांवर बोट ठेवून दाखवा. आणि "आमची" आहे, "माझी" नाही, हेही. शेजारणीच्या चुलीचा विचार त्यात येतो.

"जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." हिला दोन आठवडे द्या. आपल्या भागात बांधावरून, सामाईक विहिरीवरून सख्खे भाऊ वीस वीस वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. ही ओळ म्हणताना कुणाचं तोंड डोळ्यांपुढं येतं ते विचारा. नाव सांगायची सक्ती नको. येशू प्रार्थना संपल्या संपल्या १४ आणि १५ व्या वचनात परत याच एका ओळीकडं वळतो, बाकी कुठल्याही ओळीकडं नाही. क्षमा करवत नसेल तर "मला क्षमा करवत नाही, मला मदत कर" हीसुद्धा प्रार्थनाच आहे, हे सांगा. एक सावधगिरी: मारहाण सोसणाऱ्या बाईला ही ओळ दाखवून "क्षमा कर आणि नांदायला जा" असं कधीही सांगू नका. क्षमा वेगळी, मार खायला परत जाणं वेगळं. तिथं पोलिसांची, वकिलाची, माहेरच्यांची मदत लागते, ती मिळवून द्या.

"आम्हांस परीक्षेत आणू नकोस, तर आम्हांला वाइटापासून सोडव." दारू सोडू पाहणाऱ्या माणसाला ही रोज संध्याकाळी, पिण्याच्या ठरलेल्या वेळेआधी म्हणायला द्या. आणि घरी जायचा रस्ताही बदलायला सांगा.

शेवटचं "राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझीच आहेत" हे वाक्य मत्तयाच्या जुन्यात जुन्या हस्तलिखितांत नाही, आणि कॅथलिक बंधू प्रार्थना त्याच्या आधीच थांबवतात. कुणी विचारलं तर सांगा, नाहीतर राहू द्या. यावर वाद घालणारे बरेच भेटतील. नवीन माणसाला त्यापासून लांब ठेवा.

४. शब्द सुचत नसतील तर स्तोत्रं

विहिरीत पोरगं पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधतात. स्तोत्रं हा तो डबा. स्वतःचे शब्द बुडतात त्या दिवशी दुसऱ्याच्या शब्दांवर तरंगता येतं.

बायबलमध्ये एकूण स्तोत्रं १५० आहेत, पण सगळी पहिल्यापासून वाचायला लावू नका. शत्रूचे दात पाड म्हणणारी काही आहेत, त्यावर नवीन माणूस गोंधळतो. वहीच्या पहिल्या पानावर एवढं लिहून द्या:

- भीती वाटते, प्रवास आहे: १२१
- मन शांत करायचंय: २३
- हातून काही वाईट घडलंय: ५१
- देव ऐकतच नाही असं वाटतं: १३
- सगळं बरं चाललंय आणि आभार मानायचे राहून गेलेत: १०३
- काहीच सहन होत नाही: ८८
- वेळच नाही: ११७, दोनच वचनं आहेत

एक ओळ मोठ्यानं वाचायची, थांबायचं, त्यावर आपलं एक वाक्य बोलायचं. तेराव्या स्तोत्रात पहिल्या दोन वचनांत चार वेळा "किती काळ" असा प्रश्न येतो. देवाला असं विचारायची मुभा आहे, हेच अनेकांना नवीन असतं. ८८ वं शेवटपर्यंत अंधारातच राहतं, त्याला गोड शेवट नाही. ते मुद्दाम यादीत ठेवलंय.

वारकरी घरातून आलेल्यांना गाणं द्या. त्यांना वाटतं, आता टाळ सुटले. ना. वा. टिळकांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी ख्रिस्तभक्ती अभंगात आणि भजनात आणली, आणि आजही मराठी मंडळ्यांत ती गातात. आक्कांना बसल्या जागी एक भजन म्हणू द्या. ती त्यांची त्या दिवसाची प्रार्थना झाली.

५. जागा आणि वेळ

"आपल्या खोलीत जा व दार लावून घे," असं येशू म्हणतो. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहत असतील तर दार कुणासाठी लावायचं? त्यामुळं जागा सोबत बसून शोधा. कुणी सकाळी रंकाळ्याला फेरी मारताना प्रार्थना करतं, कुणी म्हशीची धार काढताना, कुणी केएमटीच्या बसमध्ये खिडकीशी बसून. डोळे मिटलेच पाहिजेत असं नाही. गाडी चालवताना तर मिटूच नका. (हसू नका, विचारणारे भेटलेत.)

रात्रपाळीवाल्याला "पहाटे पाचला उठा" सांगणं म्हणजे त्याला हाकलणंच. दानिएल दिवसातून तीनदा प्रार्थना करायचा, येशू पहाटे अंधारात उठून एकांतात जायचा, पौल आणि सीला मध्यरात्री तुरुंगात गात होते. जी वेळ रोज जमते ती. सुरुवातीला पाच मिनिटं पुरतात; तासाचा संकल्प सोडणारा आठवड्यात बंद पडतो.

घरचे ख्रिस्ती नसतील तर जास्त जपून. सासूबाईंची आरती चालू असताना मुद्दाम मोठ्यानं प्रार्थना सुरू करणं हे धैर्य नाही, भांडण काढणं आहे. मनातल्या मनात करता येते, हे त्यांना परत परत सांगा. नहेम्या राजासमोर उभा असताना, प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या क्षणात प्रार्थना करतो. राजाला पत्ता नाही.

६. वही

डाव्या पानावर तारीख आणि विषय: कुणासाठी, काय. उजवं पान रिकामं. पुढं जे घडेल ते तिथं लिहायचं, मागितलं तसं घडो वा न घडो. लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहून द्या, पण वही त्यांच्याकडंच राहू द्या.

काही महिन्यांनी उजव्या पानावर तीन प्रकार दिसतात: मिळालं, वेगळंच काही मिळालं, आणि कोरं. कोऱ्या पानांबद्दल खोटं बोलू नका. "तुमचा विश्वास कमी पडला" हे वाक्य तर तोंडातून काढूच नका. आजारी माणसाच्या घरच्यांना ते आयुष्यभर टोचत राहतं. पौलानं आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, "माझी कृपा तुला पुरे आहे" असं उत्तर आलं. क्रुसावर जाण्याआधी गेथशेमाने बागेत खुद्द येशूनं तेच शब्द तीनदा उच्चारले आणि दुःखाचा प्याला टळला नाही. एकच गोष्ट परत परत मागणं म्हणजे बडबड नव्हे, हेही याच दोन ठिकाणांवरून दाखवता येतं.

वहीत आजारपणं सगळ्यात जास्त असतात, म्हणून इथंच सांगतो: औषध बंद करायला कधीही सांगू नका. बीपीची, शुगरची, फिटची गोळी "विश्वासानं" सोडणारे आणि सोडायला लावणारे दोन्ही भेटतात. आपल्या शेजारी मिरजेत डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये मिशनचं हॉस्पिटल उभं केलं, ते प्रार्थना करणारेच होते. याकोब ५ मध्ये आजाऱ्यासाठी वडिलांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय. ती जरूर करावी, गोळी घेऊन करावी.

आणखी काही खड्डे, जे या काळात हटकून लागतात:

- प्रार्थनेचे पैसे मागणारा माणूस. बाटलीतलं तेल, रुमाल, "विशेष उपवास प्रार्थनेची" देणगी. नवीन माणूस घाबरलेला असतो आणि देतो. आधीच सावध करा.
- "ही प्रार्थना अकरा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत चमत्कार होईल" असे मोबाईलवरचे मेसेज. पुसून टाकायला सांगा. पाठवले नाहीत तर काही होत नाही.
- यूट्यूबवरच्या प्रचारकाचा आवाज काढून प्रार्थना करणं. तरुण पोरांत हे फार. रागावू नका, "आत्ता जे म्हणालास ते मला फोनवर सांगतोस तसं म्हण" एवढं बोला, आवाज आपोआप खाली येतो.

७. दोघं, मग चौघं, मग सभा

एकदम कॉटेज मीटिंगला, म्हणजे कुणाच्या घरी भरणाऱ्या प्रार्थना सभेला, नेऊन बसवू नका. तिथं अचानक "आता आपल्या नवीन बहीण दोन शब्द प्रार्थना करतील" असं कुणीतरी म्हणतं आणि त्या बहिणीचे पाय थरथरतात. पुढच्या वेळी त्या येत नाहीत. आधी तुम्ही दोघं. एक वाक्य तुम्ही, एक त्यांनी. नंतर आणखी दोन ओळखीची माणसं.

दोघांच्या प्रार्थनेला कमी लेखू नका. रॉयल वायल्डर मिशनरी म्हणून १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथंच जन्मला. पुढं अमेरिकेत प्रिन्स्टनला राहत असताना रॉबर्ट आणि त्याची बहीण ग्रेस दोघं मिळून प्रार्थना करायचे, की विद्यार्थी मिशनकार्यासाठी पुढं यावेत. १८८६ मध्ये माउंट हर्मनच्या शिबिरात शंभर विद्यार्थी पुढं आले, आणि त्यातून विद्यार्थ्यांची मोठी चळवळ उभी राहिली. कोल्हापुरातल्या वायल्डर मेमोरियल चर्चचं नाव ज्या घराण्यावरून पडलं ते हेच. भाऊ आणि बहीण, एवढीच ती प्रार्थना सभा होती.

सभेला नेण्याआधी तिथं काय होतं ते सांगून ठेवा. काही मंडळ्यांत एकेक जण प्रार्थना करतो, काहींत सगळे एकाच वेळी मोठ्यानं करतात, काहींत अन्यभाषा, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेनं न शिकलेली भाषा, बोलतात. न सांगता नेलंत तर माणूस घाबरतो. गप्प बसून शेवटी "आमेन" म्हटलं तरी चालतं, हेही सांगा. सभा घेणाऱ्यांना आधी फोन करून कळवा की यांचं नाव पुकारू नका. आणि त्यांनी पहिल्यांदा मोठ्यानं प्रार्थना केली तर बाहेर आल्यावर चूक काढू नका. कौतुकाचं भाषणही नको. चपला घाला, घरी सोडा.

प्रार्थनेचा विषय म्हणून दुसऱ्याच्या घरातलं सांगायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून मोडा. "प्रार्थनेसाठी सांगते हं" म्हणून सुरू झालेली गोष्ट रविवारपर्यंत राजारामपुरीतून कसबा बावड्याला पोहोचते. ज्याचा विषय त्यानं सांगावा, नाहीतर नाव न घेता देवाला सांगावं. त्याला नाव ठाऊक आहे.

८. कोरडे दिवस

दोन-तीन महिन्यांत येतात. "पूर्वी डोळ्यांत पाणी यायचं, आता काहीच वाटत नाही." देव रुसला असं त्यांना वाटतं. वाटणं आणि असणं वेगळं, हे सांगा, मग फार समजावू नका. या दिवसांत लांब प्रार्थना बंद करून प्रभूची प्रार्थना आणि एक स्तोत्र, एवढंच ठेवा. रोमकरांस पत्रात ८:२६ ला लिहिलंय, की कसं मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी मध्यस्थी करतो. झोप उडालीय, जेवण तुटलंय, जीव नकोसा झालाय असं काही ऐकू आलं तर तो कोरडेपणा समजू नका. त्या दिवशीच डॉक्टरांकडं न्या.

९. तुम्ही कधी बाजूला व्हायचं

ते तुमच्यासाठी प्रार्थना करायला लागले की. एके दिवशी तुम्ही दमून जाता आणि आक्का म्हणतात, "थांबा, आज मी करते." तिथून आठवड्याची भेट महिन्यावर न्या. "तुमचीच प्रार्थना देव ऐकतो" असं म्हणून दर अडचणीला तुम्हाला फोन करत असतील तर फोन उचला, पण आधी त्यांना करायला लावा, मग तुम्ही करा.

पूर्ण सोडून मात्र देऊ नका. पहिल्या वर्षातले गौरी-गणपतीचे दिवस, दसरा, भावकीतलं पहिलं लग्न आणि घरातली पहिली मयत, या वेळी माणूस दोन्हीकडून एकटा पडतो: भावकी विचारते तू आरतीला का नाहीस, मंडळी विचारते तू तिथं का गेलास. या तारखा तुमच्या कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा आणि त्या दिवशी स्वतःहून फोन करा. उपदेश नको. जेवलात का विचारा, फोनवरच दोन वाक्यांची प्रार्थना करा आणि ठेवा.